बरणीत न टाकलेलं थर्मामीटर

ताउनो सर, ते थर्मामीटर मी तोडलं. त्याच्या जागी नवं बसवलं तेही मीच. आणि नव्याचं कार्ड मशीनमध्ये भरायचं राहिलं, तेही माझ्याच हातून. तुम्ही तीन वर्षं जी चूक शोधत होतात ती एवढीच होती. पाच मिनिटांचं काम होतं ते.

तुम्हाला याहून जास्त सांगायची गरज पडली नसती. तुम्ही डोळे मिटले असते, मनात आकडे फिरवले असते आणि "हं" म्हणाला असतात. पण हे मी मराठीत लिहितोय, आणि वाचणारे आपल्या तळघरात कधी आलेले नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. आपण ज्या थंडीत काम करायचो त्या थंडीत हवासुद्धा गोठून दगड होते. तिथलं थर्मामीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा आणि त्याला केसासारख्या चार तारा. थंडी वाढेल तसा त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो. किती विरोध म्हणजे किती थंडी, ते एका कार्डावर छापलेलं असतं. प्रत्येक दाण्याचं कार्ड वेगळं. एकाच डबीतून आलेले दोन दाणे जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एकाचं कार्ड दुसऱ्याला चालत नाही. नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी हे सांगितलं जायचं. मला तर तुम्हीच सांगितलं होतंत, दोनदा.

तुम्ही गेल्यावर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आलेला श्रद्धांजलीचा मजकूर मी चार वेळा वाचला. त्यात तुमचं शिक्षण होतं, तुम्हाला कधीच न आवडलेल्या समित्या होत्या, आणि "काही काळ त्यांच्या संशोधनाने जगाचे लक्ष वेधले" असं एक वाक्य होतं. काही काळ! पुढे काय झालं ते नाही. तुम्ही स्वतःचा शोधनिबंध स्वतः मागे घेतलात, हे त्यांना बहुतेक लाजिरवाणं वाटलं असावं. तुमच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याहून ताठ मानेने केलेली दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही. वाचून मला राग आला. मग, आपल्याला राग यायचा हक्क आहे का, याचाही राग आला.

मी नागपूरहून पीएच.डी.साठी डब्लिनला आलो तेव्हा तुमचं वय माझ्या आजच्या वयाएवढं होतं. पहिल्या दिवशी मी "गुड मॉर्निंग, सर" म्हणालो.

तुम्ही म्हणालात, "मी सर नाही. सर शेजारच्या देशात असतात. त्यांना राणी करते."

"मग काय म्हणू?"

"ताउनो."

"ते नाही जमणार, सर."

तुम्ही पंपाकडे वळलात. महिनाभराने मी "ताउनो सर" वर आलो आणि तुम्ही ते चालवून घेतलंत. डोनल, माझ्याबरोबर काम करणारा वॉटरफोर्डचा मुलगा, तुम्हाला "बॉस" म्हणायचा आणि मला "मिल". मिलिंद म्हणायला त्याला कंटाळा यायचा. "मिल," तो म्हणायचा, "तू त्याला सर म्हणतोस ना, त्यामुळे मी एकदम गावठी दिसतो. बंद कर."

तुम्ही फार बोलायचा नाहीत. सगळे ते तुमच्या फिनलंडवर ढकलायचे. मला वाटतं, तुम्ही वडिलांकडून ऐकायला शिकला होतात, म्हणून बोलत नव्हतात. ते कागदाच्या गिरणीत पंप दुरुस्त करायचे, हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला लावायचं, मूठ कानाला, आणि आतलं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचं. तुम्हीही तसंच करायचात. प्राध्यापक माणूस, भिंतीएवढ्या पंपापाशी गुडघे टेकून, कानाला स्क्रूड्रायव्हर. पाहणी करायला आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, तुम्ही प्रार्थना करताय.

आणि ती बरणी. सिंकच्या वरच्या फळीवर मार्मलेडची एक रिकामी बरणी होती. कुणाच्या हातून थर्मामीटर तुटलं की त्याने ते बरणीत टाकायचं, सोबत चिठ्ठीवर नाव लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला केक आणायचा. रागावणं नाही, विचारणं नाही. त्या बरणीत सहा चिठ्ठ्या तुमच्या स्वतःच्या नावाच्या होत्या. डोनलच्या तर इतक्या की बेकरीवाली त्याला "आज काय मोडलं?" असंच विचारायची. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "बरणी बरेच दिवस भरली नाही की मला काळजी वाटते. म्हणजे कुणीतरी खिशात घालतंय."

मी खिशात घातलं, सर.

शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी माझं नागपूरचं विमान होतं, धाकट्या भावाचं लग्न. धातूचा नमुना बसवून, तारा जोडून झाकण लावायचं तेवढं उरलं होतं. यंत्र थंड व्हायला दोन दिवस लागतात, म्हणजे सोमवारी डोनलला मोजायला सुरुवात करता आली असती. शेवटची तार जोडताना चिमटा सटकला आणि दाण्याची तार मुळापासून तुटली. मी डबीतून दुसरा दाणा काढला आणि बसवला. हात चांगला चालला त्या दिवशी, तासाभरात झालं. कार्ड भरायला कॉम्प्युटरपाशी जाणार तेवढ्यात मेधाचा फोन. "मिलिंद, बॅगा अजून उघड्या आहेत, आहेराच्या साड्या कुठे कोंबू ते सांग, आणि तू येतोयस की मी एकटीच जाऊ तुझ्या भावाच्या लग्नाला?" मी म्हटलं, निघालोच. थंड करायचं बटण दाबलं आणि निघालो. तुटका दाणा शर्टाच्या खिशात होता. बरणीत टाकला असता तर चिठ्ठी लिहावी लागली असती, आणि केकशिवाय चिठ्ठी टाकायची पद्धत नव्हती. आल्यावर दोन्ही करू, असा विचार होता. विमानतळावर तपासणीच्या वेळी खिसे रिकामे करताना तो दाणा पाण्याच्या बाटलीबरोबर कचऱ्यात गेला. डोनलला मी काहीच कळवलं नाही. लग्नघरात मला एकदाही त्या कार्डाची आठवण झाली नाही. हे खरं आहे, आणि एवढंच माझ्या बाजूचं आहे.

तीन आठवड्यांनी परतलो तर डोनल दारातच. "मिल! अरे तू लाडू खात होतास आणि इथे आम्ही इतिहास घडवला! ये, ये, बूट नंतर काढ." पडद्यावर आलेख होता आणि त्यात ते वळण होतं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्रबंधात तुम्ही लिहिलं होतंत की अशा मिश्रधातूत, इतक्या थंडीला, उष्णता साठवण्याची रीत अचानक वळेल. तेव्हा लोक हसले होते. मग तुम्ही बायकोसाठी, नूलासाठी आयर्लंडला आलात, कारण तिला माहेरचं किल्डेअर सोडायचं नव्हतं. तळघरात स्वतःच्या हाताने यंत्र बांधलंत, डॉक्टर होणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र शिकवत राहिलात, दोनदा बढती हुकली, आणि एवढा सगळा काळ त्या वळणाची वाट पाहिलीत. तुम्ही पडद्यासमोर उभे होतात, हात खिशात. तुमचे दात मी पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी. "हं," तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

पुढच्या दोन वर्षांत तुम्हाला सगळं मिळालं. निबंध मोठ्या नियतकालिकात आला. मोठं अनुदान आलं, पाच नवे विद्यार्थी आले, अडलेली बढती झाली. तुम्ही भाषणांना जाऊ लागलात आणि तिथेही फार बोलत नव्हतात म्हणे. लोक म्हणतात की एका चुकीने तुमची कारकीर्द बुडाली. ते अर्धंच आहे. आधी त्याच चुकीने ती वर आली होती. जे मिळालं तेही माझ्या निष्काळजीपणाचं आणि जे गेलं तेही. मधे तुमचं स्वतःचं असं काही मी शिल्लकच ठेवलं नाही, या विचाराशी मला कसं वागावं ते अजून कळत नाही.

मला पदवी मिळाली आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तुमच्या शिफारसपत्रावर. ते पत्र मला तिथल्या बाईंनी कौतुकाने वाचून दाखवलं होतं: "नोंदी ठेवण्यात याच्याइतका काटेकोर माणूस माझ्या प्रयोगशाळेत आलेला नाही." आपण या नोकरीवरून वाद घातला होता. तुम्ही म्हणालात, "कारखान्यात तुला उत्तरं आधीच माहीत असतील." मी म्हणालो, "सर, मला घराचं भाडंही आधीच माहीत असतं." तो वाद आपण पुरा केलाच नाही. सई नुकतीच झाली होती, राहण्याचा परवाना कंपनीच्या कागदावर अडकलेला होता.

अशात तुमचं पत्र आलं. दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेने तोच धातू घेऊन तोच प्रयोग केला होता आणि त्यांना वळण सापडलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतंत: "मिलिंद, तू लग्नाला जायच्या आधी आणि नंतर यात काही बदललं होतं का? मूर्खपणाचं असलं तरी सांग. मूर्खपणाचं असेल तर फारच बरं."

मी ते डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये वाचलं आणि त्या क्षणी तो शुक्रवार आठवला. चिमटा, फोन, बटण, सगळं. रविवारी दुपारी मेधा आणि सई झोपल्या होत्या. माझ्याकडे जुने आकडे होते, दोन्ही दाण्यांची कार्डंही होती. मी योग्य कार्ड भरलं आणि आलेख पुन्हा काढला. वळण इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. विरोधावरून थंडी काढायची जुन्या कार्डावरची सूत्रं दोन तुकड्यांत होती, कमी थंडीला एक आणि जास्त थंडीला दुसरं. ते तुकडे जिथे जोडले होते, बरोबर तिथेच आपल्याला वळण दिसलं होतं. धातूत काहीच वळत नव्हतं. वळत होतं ते कार्ड. तुम्ही भाकीत केलेल्या जागेच्या इतक्या जवळ ते यावं, हा निव्वळ योगायोग.

तासाभराने मी तुम्हाला उत्तर पाठवलं. "नाही सर. काहीच बदललं नव्हतं. सगळं तसंच होतं."

कार्डाची चूक मी कुणालाही समजावून सांगू शकतो. ती कुणाच्याही हातून होते, त्यासाठीच तर बरणी होती. हे उत्तर मी समजावून सांगू शकत नाही. नोकरी, परवाना, लहान मूल, सगळं सांगून पाहिलंय मी स्वतःला. खरं हे की त्या शिफारसपत्रातला माणूस मला मोडायचा नव्हता.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि बाकी सगळ्या जगावर संशय घेतलात. तारा बदलल्यात, पंप बदललेत. शहरात ट्रामच्या रुळांचं काम चालू होतं, त्याचे हादरे बसत असतील म्हणून यंत्राखाली वाळूच्या पिशव्या घातल्यात आणि रविवारी येऊन मोजू लागलात. धातू पुन्हा ओतून घेतलात, चार वेळा, पण तोवर तो दाणाही बदलला गेला होता आणि वळण पुन्हा आलं नाही. नूला मला एकदा म्हणाली होती, "नाताळच्या जेवणावरून उठून गेला रे. हातात सुरी, टर्की अर्धी कापलेली, आणि म्हणतो, झडप!" ती हसत होती सांगताना. मीही हसलो. मी हसलो, सर!

शेवटी तुम्ही निबंध मागे घ्यायचं ठरवलंत. सांगायला मला किल्डेअरमधल्या नास गावी बोलावलंत आणि आपण कालव्याच्या काठाने चाललो. मी तुमच्याशी वाद घातला.

"मागे कशाला घेता, सर? शंका आहे एवढं लिहा. शंका सगळ्यांच्याच कामात असते."

"शंका नाही. वळण नाहीये."

"पण का नाही ते तर सापडलेलं नाही ना?"

"म्हणूनच." तुम्ही थांबलात. "कारण सापडलं असतं तर मी ते लिहिलं असतं आणि झोपलो असतो. आता लिहावं लागणार, चुकलं आहे आणि का ते माहीत नाही. हे वाक्य मी विद्यार्थ्याच्या वहीतसुद्धा चालवून घेत नाही."

"लोक तुमच्यावर हसतील."

"ते आधीही हसत होते. मला सवय आहे."

मग तुम्ही म्हणालात की पत्रावर सही तुमची एकट्याचीच असेल, आमची नावं येणार नाहीत. मी तुमची अब्रू वाचवायच्या आवाजात बोलत होतो आणि स्वतःची वाचवत होतो. तुम्ही माझे आभारही मानलेत त्या दिवशी. "तू काळजी करतोस," म्हणालात.

पुढचं झरझर झालं. अनुदान वाढवून मिळालं नाही. विद्यार्थी इतरांकडे गेले. डोनलचा अख्खा प्रबंध त्या वळणावर उभा होता आणि मोजणी त्याने केली होती. त्याला कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण परिषदेत कॉफीच्या रांगेत लोक "तो हाच का?" असं बघायचे. तो वॉटरफोर्डला परत गेला आणि शाळेत गणित शिकवू लागला. तुम्ही वेळेच्या चार वर्षं आधी निवृत्त झालात. तळघर रिकामं करताना तुमचं यंत्र भंगाराच्या डब्यात टाकलं, त्याचा फोटो कुणीतरी मला पाठवला होता. मी "सो सॅड" असं उत्तर दिलं.

मला सांगायची संधी मिळाली नाही असं मुळीच नाही. तुमच्या निरोपसमारंभाला मी ठरवून आलो होतो. तुम्ही म्हणालात, आज काम नको, नूलाने सॅमन मासा केला आहे. मी लगेच सुटलो. आणि मग या मार्चमध्ये, तुमच्या घरी. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर ब्लँकेट, खिडकीतून समोर मेंढ्या. मी विचारलं, कसे आहात? तुम्ही म्हणालात, "इथे सगळे ग्रँड म्हणतात. मरणारा माणूससुद्धा ग्रँड. मी म्हणतो, वाईट." आम्ही हसलो. नूला चहा करायला गेली. मग तुम्ही स्वतःहून म्हणालात, "मी अजून सकाळी त्या वळणाचा विचार करतो. दाढी करताना. हादरेच असावेत. पण हादऱ्यांनी इतकं स्वच्छ येत नाही." आणि माझ्याकडे पाहिलंत. आरोप म्हणून नाही. जुना सहकारी आहे, याला काही सुचतंय का, असं पाहिलंत.

वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात नूला ट्रे घेऊन आली आणि मी उठून तिच्या हातातून तो घेतला. दूध किती, साखर किती, विचारत बसलो. तुम्ही साखर घेत नाही, हे मला वीस वर्षांपासून माहीत होतं.

सतरा दिवसांनी तुम्ही गेलात.

इथल्या रीतीप्रमाणे तुम्हाला घरीच ठेवलं होतं. गावातले लोक रांगेने येत होते, नूलाचा हात हातात घेऊन सगळे तेच म्हणत होते, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे ते आपोआप म्हटलं जातं, आपण "फार वाईट झालं" म्हणतो तसं. माझी पाळी आली आणि मीही म्हणालो. त्या रांगेत ते शब्द शब्दशः अर्थाने देणं लागत होतो तो मी एकटाच. नूलाने माझा हात थोपटला आणि पुढच्याकडे वळली.

त्यानंतर मी हे लिहायला घेतलं. मेधाला सगळं सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऐकून झाल्यावर ती माझ्यासमोरची पानं पाहून म्हणाली, "मराठीत लिहितोयस?"

"हो. मनातलं मराठीतच येतं."

"ते ठीक आहे. पण ताउनोंना मराठी येत नव्हतं, नूलाला येत नाही, त्या डोनलला येत नाही. म्हणजे पुन्हा बरोबर अशाच ठिकाणी सांगतोयस, जिथे कुणाला कळणार नाही." आणि उठून गेली. जाता जाता म्हणाली, "छान लिहितोस, तेवढं मात्र आहे."

मी दोन दिवस तिच्यावर रागावलो होतो. मग जुनी डिस्क शोधली, आकडे काढले, दोन्ही आलेख पुन्हा काढले आणि नियतकालिकाला पत्र लिहिलं. काय तुटलं, काय बसवलं, कोणतं कार्ड, कोणी, आणि विचारल्यावर कोण खोटं बोललं. ते छापतील की नाही माहीत नाही. संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलंय, विचार करू म्हणून.

इथे माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना असते. आपल्या मासिक श्राद्धासारखंच. नूलाने बोलावलं होतं. सगळे गेल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात कप पुसत होतो आणि पुसता पुसता सांगितलं. सगळं. ती प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या कपाटात, बशा लावत होती. तिने माझ्याकडे पाठ तशीच ठेवली.

"मार्चमध्ये तू आला होतास," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं तुला."

"हो."

"त्याने विचारलं होतं तुला. मी दाराबाहेर होते. ऐकलं मी."

"हो."

तिने एक बशी ठेवली. मग दुसरी. "मला सॉरी म्हणू नकोस, मिलिंद. मी ते घेणार नाही आणि नको म्हणायचीही माझ्यात ताकद नाही. तुला एक सांगते. त्याने सगळ्यांना विचारलं, डोनलला कधीच विचारलं नाही. का माहीत आहे? त्याला भीती होती, पोरगा हो म्हणेल आणि मोडून पडेल. म्हणून गप्प राहिला. आणि डोनलला वाटलं, बॉस बोलत नाही म्हणजे बॉसच्या मते चूक माझीच." आता ती वळली. "ताउनो गेला. त्याच्यासाठी तुला काही करता येणार नाही. त्या मुलाला सांगितलंस का?"

मला हे माहीत नव्हतं, सर. मला वाटत होतं की त्या चुकीचं ओझं तुम्ही आणि मी वाहतोय. तिसरा माणूस आहे आणि सर्वांत जास्त त्याच्याच पाठीवर आहे, हे मी कधी मोजलंच नाही. तुमच्यावरही चिडलो मी त्या रात्री गाडी चालवताना. का नाही विचारलंत त्याला? एका प्रश्नाने तो सुटला असता. तुम्ही मायेने गप्प राहिलात आणि मी भित्रेपणाने, आणि त्याला दोन्हींतला फरक कसा कळावा?

त्या शनिवारी सकाळी मी वॉटरफोर्डला गेलो. डोनलने दार उघडलं. केस गेलेत, पोट आलंय, हसणं तेच. "मिल! फोनवर 'महत्त्वाचं आहे' म्हणालास, तर बायको म्हणते, नक्की किडनी मागायला येतोय. देणार नाही, आधीच सांगतो. चहा?"

आम्ही परसात बसलो. तुमच्याबद्दल बोललो, स्क्रूड्रायव्हरबद्दल, बेकरीवालीबद्दल. मग तो म्हणाला, "बॉस मला एक शब्दही बोलला नाही रे कधी. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी अजून मुलांना वर्गात सांगतो, पोरांनो, दोनदा तपासा. त्यांना काय माहीत का सांगतो. तो सोमवार अजून मनात चालवून बघतो मी. कुठलं बटण, कुठली ओळ. काय विसरलो असेन?"

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "डोनल, तू काहीच विसरला नाहीस. सोमवारी तू आलास तेव्हा चूक आत बसलेली होती. शुक्रवारी मी थर्मामीटर तोडलं, दुसरं बसवलं, त्याचं कार्ड भरलं नाही आणि तुला सांगितलं नाही. पुढे ताउनोंनी विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी नाही म्हणालो. तुझी मोजणी बरोबर होती, प्रत्येक आकडा बरोबर होता. तुझं काम गेलं, तुझी इतकी वर्षं गेली, ती माझ्यामुळे. मी तुझा अपराधी आहे. मला माफ कर, असं म्हणायला आलोय. तू केलं नाहीस तरी हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं."